अठ्ठेचाळीस दगडांचा पाढा

“आज आपला दगड पयला हाय,” कपबशी पुढं करत विमलबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मोठ्यानं बोललं की पहिल्याचा दुसरा होतो, अशी त्यांना धास्ती वाटली असावी.

शहादेव गुरुजींनी चहा बशीत ओतला. बशी काही भरली नाही. “पयला म्हंजे पार पयला?”

“पार पयला. चेअरमनच्या बी म्होरं. परवा टँकर वळायच्या आत नेऊन ठिवला. अन् कुनी सरकवू नये म्हनून फुटक्या जात्याचा खालचा दगडच ठिवला. घ्या म्हनावं आता उचलून.”

चकलांब्याच्या अलीकडं, फाट्यापासून आत, माळावर ही वाडी. टँकर एका दिवसाआड येई आणि दूध सोसायटीच्या ओट्यासमोर थांबे. आधी बायका घागरींची रांग लावायच्या. पण उन्हात प्लास्टिकच्या घागरी तडकायच्या आणि पितळेच्या घागरींना पाय फुटायचे. म्हणून प्रत्येक घराचा एक दगड ठरला. कुणाचा गेरूच्या पट्ट्याचा, कुणाचा निळ्या ठिपक्याचा, कुणाचा चुन्याच्या फुलीचा. दगड रांगेत आहे म्हणजे माणूस रांगेत आहे. माणसाला भोवळ येते, माणूस घरी जाऊन भाकरी थापतो, भांडतो, रुसतो. दगड बिचारा जागा सोडत नाही. पुढच्या दगडांनी आपापली भांडी काठोकाठ भरायची आणि शेपटीच्या दगडांनी टँकरच्या तळाचा गढूळ गाळ कपड्यातून गाळून घ्यायचा, असा कायदा होता. तो कुणी केला हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मोडायचीही कुणाची छाती नव्हती.

विमलबाईंचा दगड कायम शेपटीला. नवराबायको दोघंच, कशाला पुढं पुढं करायचं, असा त्यांचा स्वभाव. पण आज गोदा येणार होती. गोदावरी, एकुलती लेक, धारूरकडं घाटावर दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत साऱ्या जगाला ठाऊक. पण गोदाचे दिवस भरत आले तेव्हा वाडीची विहीर आटलेली आणि हातपंप नुसता उसासे टाकत होता. विहीणबाईंनी निरोप धाडला, “तुमच्याकडं बाळंतिणीच्या अंगावर काय घालताल, राख? ऱ्हाऊ द्या हितंच.” बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बाळंतपण सासरी झालं. आता दीड महिन्याची नात पहिल्यांदा आजोळी यायची होती, आणि विमलबाईंनी मनाशी एकच धरलं होतं: लेकराला पायावर घ्यायचं आणि ऊन ऊन पाण्यानं, तांब्या न मोजता, न्हाऊ घालायचं.

चुलीपुढं बसून त्या गुणगुणत होत्या. 

“लेक येती माहेराला, पानी रांजनात नसं,
डोळ्यातलं द्यावं म्हनं, तर तिथंबी तळ दिसं.”

“असलं रडकं कावून म्हनती गं? लेकरू येनार हाय घरी,” गुरुजी म्हणाले.

“आज्याबात रडकं न्हाई. जे हाय ते हाय.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “शाळा सुटली की नीट सोसायटीकडं या. दोन ड्रम हायत. मला एकटीला हालत न्हाईत.”

गुरुजी ‘हो’ म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. ऊन त्यांच्याआधीच शाळेत पोचलं होतं.

निवृत्तीला दोन पावसाळे उरले होते. पावसाळे म्हणायचं ते सवयीनं. शाळा सकाळची होती, वर्ग चौथीचा होता, आणि आज केंद्रप्रमुख आप्पाराव साहेब गुणाकाराचा प्रकल्प बघायला येणार होते. तालुक्याला नुकतंच प्रशिक्षण झालं होतं. पाढे घोकून घ्यायचे नाहीत. मुलांनी हातानं मांडून, रचून, डोळ्यांनी बघून गुणाकार स्वतः शोधायचा. साहित्य विकत आणायचं नाही, ते परिसरात असतं. गुरुजींना ते पटलंही होतं. फक्त परिसरात काय उरलंय, हे तालुक्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी आधी चिंचोके आणले. पोरांनी दोनाचा पाढा मांडला, तिनाचा मांडला, आणि चाराच्या वेळेला चिंचोके संपले. एका कोपऱ्यात डब्यावर कुणीतरी ते भाजत होतं. मग तुराट्यांच्या काड्या आणल्या. त्या खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी ‘गुर्जींनी सरपन आनलं’ म्हणून चुलीत घातल्या. मग बाटल्यांची बुचं जमवली. पोरांनी त्यांना भोकं पाडून गाडे केले आणि गाडे गावभर गेले. शेवटी गुरुजींच्या हातात खडू आणि डोक्यात पाढे एवढंच साहित्य राहिलं, आणि पाढ्यांना तर बंदी.

“ऐका रे,” गुरुजी वर्गाला म्हणाले. आवाज असा निघाला की जणू तोही उन्हातून चालत आलाय. “आज आपण अठ्ठेचाळीसचा आयत करायचा. सारख्या वळी, सारखे रकाने. भायेर जा, दगड आना, अन् मैदानावर मांडा. साहेब आल्यावर सांगायचं, किती वळी, एका वळीत किती, अन् समदे मिळून किती.”

“कसले दगड आनायचे, गुर्जी?” समृद्धीनं विचारलं. ही भामाबाईंची नात. दुष्काळात जन्मलेल्या पोरींची नावं आईबाप मोठ्या आशेनं ठेवतात.

“चांगले आना. मांडताना नीट दिसले पायजेत.”

“अन् कसे मांडायचे?”

“आता हे बी मीच सांगू? परिपाठाला तुमी कसे हुभे ऱ्हाता? शिस्तीत. तसं.”

पोरं गेली. गुरुजी खुर्चीत टेकले आणि डोळे मिटले. ते झोपले नाहीत. फक्त पापण्यांना जरा बसू दिलं.

आता पोरांचं काय चुकलं? माळावरचे दगड चटके देत होते आणि त्यांच्याखाली विंचू. शाळेच्या कुंपणाला लागूनच सोसायटी, आणि तिथं तर दगड निवडून, रंगवून, ओळीत मांडून ठेवलेले. समृद्धीनं मोजले. मोजून बरोबर अठ्ठेचाळीस निघाले, कारण वाडीत सध्या घरं तेवढीच उघडी होती. एकजण म्हणाला, “आगं, ह्ये नंबराचे हायत.” समृद्धी म्हणाली, “टँकर आज येतच न्हाई, डिझेल न्हाई म्हन्त्यात. अन् आपुन परत ठिवू की.” गुरुजींनी ‘चांगले आना’ म्हटलं होतं. याहून चांगले दगड पंचक्रोशीत नव्हते.

राहिली मांडणी. परिपाठाला लहान पोरं पुढं उभी राहतात आणि उंच पोरं मागं, म्हणजे सगळ्यांना दिसतं. तसंच मांडलं. लिंबाएवढे दगड पहिल्या ओळीत, नारळाएवढे मधल्या ओळींत, आणि थोराड दगड पाठीमागं. जात्याचा दगड चौघांनी उभा केला आणि गाडीच्या चाकासारखा लोटत आणून अगदी शेवटच्या ओळीच्या शेवटी आडवा पाडला. तो सगळ्यांत उंच विद्यार्थी होता.

“वा! वा! वा!” असा आवाज आला तेव्हा गुरुजींच्या पापण्या उठल्या. आप्पाराव साहेब मोटारसायकल स्टँडला लावायचं विसरून ती मांडीला टेकवून उभे होते. “शहादेव सर, हे काय केलंत तुम्ही!”

गुरुजी बाहेर आले. मैदानावर सहा ओळी, एका ओळीत आठ, सुतात ओवल्यासारखे दगड. गेरू, चुना, निळे ठिपके. क्षणभर त्यांनाही ते सुंदर वाटलं. दुसऱ्या क्षणी त्यांची नजर शेवटच्या ओळीच्या टोकाला गेली आणि तिथंच अडकली. ते जातं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यावर त्यांच्या आईनं दळलं होतं.

“अरे देवा,” ते म्हणाले.

“असंच वाटलं मलाही!” आप्पाराव फोन काढत म्हणाले. “परिसरातलं साहित्य, त्यात रंग, त्यात शिस्त. हे तालुक्याच्या ग्रुपवर आत्ता टाकतो.”

“साहेब, फोटू काढा लौकर. दगड जागेवर ठिवायचेत.”

“थांबा हो, व्हिडिओ घेऊ. बाळ, काय नाव तुझं? समृद्धी? सांग बघू, हे किती?”

“सहा आठे अठ्ठेचाळीस.”

“आणि इकडून, या बाजूनं उभं राहून बघितलं तर?”

समृद्धी त्या बाजूला जाऊन उभी राहिली. “आठ सक अठ्ठेचाळीस.”

“शाबास! म्हणजे इकडून मोजा की तिकडून मोजा, काही फरक पडतो का?”

“न्हाई!” सगळा वर्ग ओरडला, आणि त्याच वेळी फाट्याकडून टँकरचा हॉर्न वाजला.

डिझेल आलं होतं. टँकर नेहमीपेक्षा आधी आला होता. वाडीतनं घागरी आपटत बायका धावत सुटल्या. सोसायटीपाशी येऊन पाहतात तर रांग नाही. नुसती धूळ, आणि धुळीत दगडांचे ठसे.

“दगड कुठं गेलं?”

“चोरलं की काय कुनी?”

“आता दगड बी चोराया लागले बघा!”

मग कुणीतरी कुंपणावरून बोट दाखवलं आणि सगळी वाडी शाळेच्या मैदानात शिरली. पुढं सोसायटीचे चेअरमन मोहनराव. सोसायटीला महिनेन्‌महिने दुधाचा थेंब आला नव्हता. कॅन उपडे पडले होते, फॅट मोजायच्या नळ्यांत कोळी राहत होते. पण टँकर चेअरमनच्या सहीनं यायचा, म्हणून मोहनरावांची टोपी अजून परीटघडीची होती.

“गुर्जी, ह्यो काय परकार हाय?”

गुरुजी तोंड उघडायच्या आत उत्तर आप्पारावांनी दिलं. “हा गुणाकार आहे.”

“गुनाकार ऱ्हाऊ द्या साहेब. ह्यात पयला कोन?”

आप्पाराव हसले. “यात पहिला-शेवटचा असं काही नसतं. सहा ओळी घ्या किंवा आठ रकाने घ्या, एकूण सारखंच.”

“एकून सारखंच असंल,” भामाबाई घागर कमरेवर ठेवत म्हणाल्या, “पर नळी आदी कुनाच्या घागरीत जायची?”

टँकर उत्तरेला उभा होता. त्या बाजूनं धरलं तर लिंबाएवढ्या दगडांची ओळ पहिली. ज्यांचे दगड बारीक होते ते म्हणाले, हेच बरोबर, मास्तरनं नीट मांडलंय. पूर्वेकडून धरलं तर गेरूवाले पुढं येत होते. त्यांनी सूर्य पूर्वेला उगवतो असा दाखला दिला. “साही आठे हाय हे!” एक गट ओरडला. “आठ सक!” दुसरा गट ओरडला. शाळा कधी न चढलेल्या बायका त्या दिवशी गुणाकारावर एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या. आप्पाराव मधे उभे राहून सांगत होते, “दोन्ही बरोबर आहे, अहो, दोन्ही बरोबर आहे,” आणि म्हणून दोन्ही बाजू त्यांच्यावरच उलटल्या.

“पोरास्नी इचारा,” चेअरमन म्हणाले. “कोनता दगड कुठला उचलला, सांगा रे.”

पोरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, बारके आदी आनले, मोठे मागून आनले. त्यातून रांग काही परत येईना. मग प्रत्येक जण आपला नंबर सांगू लागला. पहिले पाच नंबर तेवीस जणांचे निघाले. शेपटीला कुणीच नव्हतं.

एवढ्या गर्दीतून विमलबाई पुढं आल्या. दोन्ही हातांनी रिकामा ड्रम ओढत आणला होता. त्यांनी ओळींवरून नजर फिरवली, पहिल्या ओळीत शोधलं, दुसऱ्या ओळीत शोधलं, आणि शेवटी कोपऱ्यात आडवं पडलेलं जातं दिसलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर गुरुजींना फार बरं वाटलं असतं.

“पयला दगड आमचा हुता,” असं म्हणायला गुरुजींचे ओठ हलले. पण आता पुढचे नंबर सांगणारे तेवीस जण आधीच होते. आणि रांग मोडली त्यांच्याच वर्गानं. आयुष्यात एकदाच त्यांचं घर पहिलं आलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. “ओ चेअरमन! म्होरच्या गावाला जायचंय बे मला. पानी घेता का नेऊ परत?”

परत म्हटल्याबरोबर मैदान शांत झालं.

“मंग असं करू,” मोहनराव म्हणाले. “आजच्या पुरतं नंबर रद्द. घरटी सारखं पानी.”

“घरटी कावून?” भामाबाई उसळल्या. “तुमच्या घरात मानसं किती, माज्या घरात किती! डोई परमानं द्या. मानशी दोन घागरी.”

आप्पारावांचे डोळे चमकले. “माणसं गुणिले दोन! शहादेव सर, हा तर खरा प्रकल्प. मुलांना द्या हे काम!”

नाही म्हणायला गुरुजींच्यात जीव नव्हता. सोसायटीच्या ओट्यावर दुधाचे भाव लिहायचा काळा फळा टांगलेला होता. ‘म्हैस’, ‘गाय’ एवढंच त्यावर उरलं होतं. ते पुसलं, समृद्धीच्या हातात खडू दिला, आणि वाडी एकेक करून आपली डोकी लिहवू लागली.

डोकी भराभर वाढली. ज्या घरात चौघं होती तिथं सात झाली. लग्न होऊन गेलेल्या लेकी परत आल्या. मोहनरावांनी घरातले सहा लिहवले आणि वर म्हणाले, “पुन्याची दोगं बी धर. आठ.” भामाबाईंनी सांगितलं, “आमी नऊ.”

खडू थांबला. “आजी, बापू अन् आई तर ऊसतोडीला गेलेत.”

“मंग? तान लागल्यावर येनार न्हाईत का?”

“अन् आजा?”

“त्यो बी धर.”

“आजी, आजा तर फोटूत हाय.”

“फोटू पुसाया पानी लागतंय का न्हाई? लिव्ह गप!”

पोरांनी गुणाकार केले, बेरीज केली, आणि ड्रायव्हरला आकडा सांगितला. तो पोट धरून हसला. “ह्याला दोन टँकर लागतेल. अन् तिसरा फोटूवाल्यांस्नी.”

तेव्हा पोरांनीच खोडायला सुरुवात केली. कोण घरात आहे आणि कोण नाही, हे पोरांना पक्कं ठाऊक. ‘तुजा मामा कालच गेलता,’ ‘तुजी आत्या कुठं हाय?’ असं करत त्यांनी एकमेकांची घरं झाडून काढली. आयाबाया डोळे वटारत होत्या. पोरं गुणाकार बरोबर यावा म्हणून हट्टाला पेटली होती. फक्त चेअरमनच्या पुण्याच्या दोघांना कुणी हात लावला नाही. चेअरमनची सही होती ना.

“गुर्जी, तुमची?” समृद्धीनं विचारलं.

“दोन,” गुरुजी म्हणाले.

“दोन?” विमलबाई पहिल्यांदाच बोलल्या. “अवं, लेक येनार हाय!”

“अजून आली न्हाई,” गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले. “आत्ता लोकांची जावई-पाव्हनी खोडली. आपली कशी लिव्हायची?”

विमलबाईंनी ड्रम सोडून दिला. तो गडगडत ओट्याला जाऊन आपटला. दोन डोकी, चार घागरी. त्यात दोघांचं पिणं, रांधणं, आणि बाळंतीण, आणि तिची धुणी. न्हाऊ घालणं म्हणजे तांब्याभर पाण्यात फडकं भिजवून लेकराला पुसून काढणं. विहीणबाईंना घाटावरून इतकं लांबचं दिसलं होतं.

नळी सुरू झाली. घरागणिक घागरी भरू लागल्या. पुढचे कुरकुरत होते, त्यांचे ड्रम अर्धेच राहत होते. नेहमीचे शेपटीचे लोक मात्र घागरीत वाकून वाकून बघत होते. पाण्यातून घागरीचा तळ दिसतोय, याचंच त्यांना नवल. आप्पाराव प्रत्येक घागरीचा फोटो काढत होते.

आणि फाट्याकडून काळीपिवळी जीप आली. माणसं टपावर बसलेली. पुढच्या सीटवरून जावई उतरले, त्यांनी पिशवी काढली, मागाहून गोदा उतरली. छातीशी दुपट्याचं गाठोडं. उन्हानं तिचा चेहरा सुकला होता. जावयांनी सगळ्यांना हात जोडले, “घाटात काम हाय, आमी निगतो,” म्हणाले आणि त्याच जीपनं परतले. एवढी गर्दी बघून गोदा घाबरली.

“आबा, काय झालं हो? कुनाचं काय बरंवाईट?”

“काई न्हाई बाई,” गुरुजी म्हणाले. “गुनाकार चाललाय.”

विमलबाईंनी पुढं होऊन गाठोडं घेतलं. पदर वर धरून सावली केली. आत एवढंसं तोंड, घामानं डबडबलेलं, जीभ बाहेर काढून बघणारं. विमलबाईंनी पदराच्या टोकानं ते टिपलं.

“दोन डोकी वाढली,” भामाबाई म्हणाल्या. “लिव्ह गं.”

“थांबा,” मोहनराव म्हणाले. “फळा भरला. अन् आलेच हायत तर लेकीचं एक धरा. तान्ह्याचं कावून? एसटीत सुदिक तान्ह्याला तिकीट लागत न्हाई.”

ओट्याच्या पायरीवर बायनाबाई बसल्या होत्या. वाडीत सगळ्यांत म्हाताऱ्या. आत्तापर्यंत त्यांनी तंबाखू मळण्यापलीकडं काही केलं नव्हतं. त्यांनी चिमूट दाढेला लावली.

“व्हय रं मोहन्या, एसटीत ते घान करतंय ती कंडक्टर धुतो व्हय? तान्ह्याचं डोकं येक अन् दुपटी धा. तू लहान असताना तुजी आई हिरीवनं उठतच नव्हती, मला ठावं हाय.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चेअरमननी टोपी नीट केली. “बरं, येक धरा. झालं?”

“न्हाई झालं. तुजी पुन्याची दोगं तिकडं फवाऱ्याखाली न्हात्यात. त्यांच्या चार घागरी हितं कोन पिनार? लिव्ह पोरी त्या बाळाला.”

मैदानात कुणी घागर हलवली नाही. मोहनरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“चार न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “दोन घागरी घ्या. धाकटा शनिवारी यायचाय.”

“येऊ दे. लिव्ह दोन.”

समृद्धीनं गुरुजींच्या घरापुढचा दोन पुसला आणि चार लिहिले. गुणिलेची फुली काढली, दोन लिहिला, बरोबरच्या दोन रेघा ओढल्या. मग जरा थांबून, जीभ दातात धरून, ठसठशीत दहा लिहिले.

“अवं,” विमलबाईंनी लेकराला हलवत हाक मारली, “हुभं काय ऱ्हायलात? ड्रम आना की हिकडं!”

ओवीसुद्धा इतकी गोड लागली नसती. गुरुजी ड्रमाला हात घालणार, एवढ्यात आप्पारावांनी त्यांची बाही धरली.

“सर, एक मिनिट. हे पुसायला लागेल. बघा, चार गुणिले दोन बरोबर दहा. अहो, हा फोटो तालुक्याला जाणार! लोक काय म्हणतील?” त्यांनी डस्टर पुढं केलं. “तिसरीतलं पोरगंही आठ म्हणेल.”

गुरुजींनी डस्टर घेतलं. फळ्यासमोर उभं राहून त्या दहाकडं बघितलं. नळीखाली घागर भरत आली होती, तिचा आवाज बारीक होत होत काठाशी आला होता. त्यांनी डस्टर ओट्यावर ठेवून दिलं.

“म्हनंल की,” गुरुजी म्हणाले. “तिसरीतल्या पोराला नात नसती, साहेब.”